प्रदर्शनाचा कॅटलॉग: मागच्या पानांसाठी घ्यावा

समकालीन कलेवर लिहिणाऱ्याच्या कपाटातली सगळ्यात जड आणि सगळ्यात कमी उघडली जाणारी वस्तू म्हणजे मोठ्या प्रदर्शनाचा कॅटलॉग. पुढे तीन-चार लेख, मध्ये चित्रांची गुळगुळीत पानं, शेवटी बारीक टाइपातला मजकूर. दिसायला देखणा असतो यात वाद नाही. पण त्यातला जो भाग मिरवला जातो, तोच लिहिणाऱ्याच्या सगळ्यात कमी कामाचा.

मूळ गोम छपाईच्या वेळापत्रकात आहे. उद्घाटनाच्या दिवशी कॅटलॉग विक्रीला हवा, म्हणजे तो कित्येक आठवडे आधी छापखान्यात गेलेला असतो. तेव्हा भिंती रिकाम्याच असतात. त्यामुळे मांडणशिल्पाचा, म्हणजे दालनातच उभारल्या जाणाऱ्या कामाचा, फोटो असलाच तर तो बहुधा आधीच्या एखाद्या जागेतला, नाहीतर स्टुडिओतला. दोन कामांमधलं अंतर, दिव्यांचा कोन, शेजारच्या दालनातून झिरपणारा व्हिडिओचा आवाज, यातलं काहीच पुस्तकात येत नाही. समोरासमोरच्या पानांवर छापलेली दोन कामं दालनातही समोरासमोर असतील असं गृहीत धरून लिहिणारे इथेच पकडले जातात. ऐन वेळी मालकाने न पाठवलेलं कामही कॅटलॉगमध्ये तसंच राहतं. काय होतं आणि कुठे होतं यासाठी दालनातली यादी आणि स्वतःचं टिपण, एवढंच खरं.

छपाईचं म्हणाल तर निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंचा ऑफसेट, म्हणजे पुस्तकांची नेहमीची छपाई, काही रंगांपुढे हात टेकतो. फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लाइनचा निळा घ्या. अल्ट्रामरीन रंगद्रव्य अशा राळेत बसवलेलं, की भुकटीचा कोरडेपणा टिकून राहतो. निळसर शाईत किरमिजी जास्त घातली तर तो जांभळट होतो, कमी घातली तर फिका पडतो. पाचवी स्वतंत्र शाई लावल्याशिवाय तो जवळपासही येत नाही, आणि तरी भुकटीचा पोत नाहीच. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या कॅनव्हासची गत वेगळी. रोलर आणि पॅलेट नाइफने चढवलेले, काढलेले थर. दोन पावलं सरकलं की पृष्ठभागाची चमक बदलते. कॅटलॉग एकच कोन देतो आणि चित्र सपाट करून टाकतो.

सगळ्यात जास्त नुकसान नसरीन मोहमदींच्या बारीक रेघांच्या अमूर्त रेखांकनांचं होतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग छापील रेघेवर धरा. छापील चित्र बारीक ठिपक्यांच्या जाळीचं बनतं. दर इंचाला ठिपक्यांच्या १७५ ओळींची जाळी असेल तर ठिपक्यांच्या केंद्रांमध्ये साधारण ०.१४५ मिलिमीटर अंतर पडतं. ०.२ मिलिमीटरची पेन्सिलची रेघ म्हणजे जेमतेम दीड ठिपका. कागदावर सलग असलेली, दाब कमी होत विरत जाणारी रेघ पुस्तकात तुटक होते, आणि ‘रेघ मध्येच थांबते’ असं वाक्य कुणीतरी लिहून बसतं. काळ्यासोबत करड्या शाईचा दुसरा हात दिला असेल आणि जाळी बारीक असेल तर पुष्कळ फरक पडतो. विकत घेण्याआधी हे एक पान तरी भिंगाखाली पाहावं.

बांधणी तपासायला अर्धं मिनिट लागतं. कण्याच्या वरच्या टोकाकडून पाहा. घडी घातलेले फर्मे, म्हणजे पानांचे गठ्ठे, वेगवेगळे दिसत असतील आणि फर्म्याच्या मध्यावर दोरा असेल तर शिलाई आहे. पुस्तक टेबलावर उघडं राहील. कडा सरळ कापून नुसती चिकटवलेली असेल तर मधली घडी दोन्ही पानांची काही मिलिमीटर पट्टी गिळते, आणि जोडपानभर पसरलेल्या चित्राचा मध्यभाग तिथेच असतो. जोर लावून उघडलं की पानं सुटतात ती वेगळीच.

आता मागची पानं, म्हणजे कलाकृतींची यादी. पैसे इथे वसूल होतात. आधी मापांचा क्रम पाहा: बहुतेक संग्रहालयं उंची आधी देतात, पण सगळीकडे तसं नसतं, आणि उभ्या कामाचं आडवं वर्णन व्हायला एवढं पुरतं. मग सालं. मार्सेल ड्यूशाँचं ‘फाउंटन’, म्हणजे कलाकृती म्हणून मांडलेलं चिनी मातीचं मूत्रपात्र, नुसतं १९१७ असं दिलं असेल तर त्या यादीवर फार विसंबू नये. मूळ वस्तू हरवली. आज संग्रहालयांत दिसतात त्यांतल्या बऱ्याच १९६४च्या प्रतिकृती, तेव्हा दोन्ही सालं हवीत. फेलिक्स गोंझालेझ-टोरेस या कलाकाराच्या १९९१च्या, त्याचा जोडीदार रॉस याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, कागदात गुंडाळलेल्या गोड गोळ्यांच्या ढिगापुढे लांबी-रुंदी नसते. ‘आदर्श वजन १७५ पौंड’, म्हणजे सुमारे ७९ किलो, असं असतं. लोक गोळ्या उचलत असल्याने आकार बदलता राहतो. त्या एका नोंदीत पुढच्या अख्ख्या लेखाहून जास्त काम समजतं.

व्हिडिओसाठी कालावधी, चॅनेल (म्हणजे एकाच वेळी किती पडद्यांवर चालतो) आणि आवाज आहे की नाही, हे तिन्ही हवं. ख्रिश्चन मार्क्लेचं ‘द क्लॉक’ २४ तासांचं आहे आणि स्थानिक वेळेशी जुळवून चालतं. कालावधी न वाचता वीस मिनिटं बसून ‘शेवटाकडे’ काय होतं ते लिहिणं अशक्य नाही, दुर्दैवाने. शेवटी सौजन्याची ओळ. ‘कलाकार आणि गॅलरीच्या सौजन्याने’ असं असेल तर काम बहुधा अजून विक्रीच्या बाजूला आहे, हे लक्षात ठेवून त्याच गॅलरीने लिहवून घेतलेला लेख वाचावा.

लेखांबद्दल थोडक्यात. क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनातली कामं निवडणारा, स्वतःच्याच निवडीवर लिहितो, पाहुण्या लेखकाला मानधन प्रदर्शनाकडून मिळतं. टीकेची अपेक्षाच चुकीची. ‘ही कलाकृती स्मृती आणि विस्मरण यांमधल्या अवकाशाला प्रश्नांकित करते’ अशी वाक्यं ओलांडून पुढे जावं. ‘प्रत्येक जण एकेक गोळी उचलतो आणि ढीग पुन्हा भरता येतो’ असं, कामासमोर उभं राहून पडताळता येईल असं वाक्य दिसलं की पेन्सिलीने खूण करावी. चाळीस पानांत अशी दहा निघाली तर लेखक चांगला समजायचा.

कलाकारावर पुन्हापुन्हा लिहायचं असेल तर घ्यावा, तोही शिलाईचा आणि पूर्ण यादीचा. एकाच परीक्षणापुरता हवा असेल तर ग्रंथालयातल्या प्रतीची यादी, आधीच्या प्रदर्शनांची नोंद आणि छायाचित्रांचं श्रेय देणारं पान एवढ्यांचे फोटो काढून घ्यावेत. ते शेवटचं पान लोक विसरतात, आणि दालनाचा फोटो नेमक्या कोणत्या जागेतला, हे बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.