गोव्यात डिचोलीतलं आमचं लोकल फायबर इंटरनेट, आठ महिने वापरून (नाव मुद्दाम लिहीत नाही)

आधी स्टार देऊन टाकतो, पाचात तीन.

मार्चमध्ये घेतलं. शंभर एमबीपीएसचा प्लॅन, महिन्याला 700 आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 826. लावायला आलेला पोरगा भारी होता, शिडी, फायबर जोडायचं (स्प्लायसिंगचं) मशीन सगळं स्कूटरवर, दीड तासात काम उरकून चहा पिऊन गेला, त्याला पाचात पाच. वडील रोज रात्री युट्यूबवर नाटकं बघतात, गणपतीचे दिवस सोडले तर एकदाही गोल फिरलेलं नाही. स्पीड टेस्ट केली की 97-98.

मग लेकीचं वर्क फ्रॉम होम सुरू झालं. रात्री आठनंतर कंपनीच्या व्हीपीएनवर (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी खाजगी लाइन) काही पाठवायला बसली की स्पीड 5-6, मीटिंगमध्ये तोंड आधी हलणार आणि आवाज मागून येणार, आणि त्याच वेळी हॉलमध्ये वडिलांचं नाटक एकदम चकाचक. मला वाटलं हा नेटवाला मुद्दाम व्हीपीएन दाबतोय. डोकंच फिरलं, कारण 2015 मध्ये ट्रायला (टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे नेटवर सगळ्या साइटना सारखंच वागवा म्हणून, दहा लाखांच्या वर मेल गेले त्यात माझापण एक होता. आठवतं ना, 2014 च्या डिसेंबरात एअरटेलने इंटरनेट कॉलला वेगळे पैसे लावतो म्हणून जाहीर केलं आणि बोंब झाल्यावर मागे घेतलं, मग फेसबुकचं ते फ्री बेसिक्स आलं, फुकट पण ठरावीक साइटच बघा म्हणे. शेवटी 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायने सांगून टाकलं की साइट बघून डेटाचा दर बदलायचा नाही, बदलला तर दिवसाला 50 हजार दंड, जास्तीत जास्त 50 लाख. आणि 2018 मध्ये नेट कंपन्यांच्या लायसन्समध्येच आलं की कुठली साइट अडवायची नाही, कुठली मुद्दाम स्लो करायची नाही, पैसे घेऊन कुठली पुढे काढायची नाही.

हे सगळं तोंडपाठ करून भांडायला ऑफिसात गेलो. मालकाने खुर्ची दिली आणि म्हणाला, "काका, मी कोणाला दाबत नाही. युट्यूबचा कॅशचा डबा, म्हणजे व्हिडिओंच्या कॉपी ठेवलेला सर्व्हर, इथे गोव्यातच आहे, तुमच्या बाबांचं नाटक तिथून येतं. तुमच्या मुलीचं मुंबईहून येतं, ती लाइन मी वरच्या कंपनीकडून विकत घेतो, आणि रात्री तिच्यावर सगळा गाव असतो."

घरी येऊन वाचलं तर माणूस खरं बोलत होता. असे डबे, सीडीएन म्हणतात त्याला, 2018 च्या नियमातून बाहेरच ठेवलेत. म्हणजे कायद्याने हा स्वच्छ. पण मग बोर्डावर सरसकट शंभर कशाला लिहितोस? मुंबईची लाइन किती घेतलीय आणि ती किती घरांत वाटलीय ते लिही ना. आणि ती स्पीड टेस्ट, तिचा सर्व्हर यांच्याच नेटवर्कमध्ये, परसातल्या बावीपर्यंत जायला किती वेळ लागतो ते मोजून पणजी जवळच आहे म्हणण्यासारखं झालं ते.

अर्धा स्टार त्या बोर्डासाठी कापला. बाकीचा दीड कापला तो मला दुसरीकडे जाता येत नाही म्हणून, आणि तो याच्या एकट्याच्या माथ्यावर मारणं तसं बरोबर नाही. आमच्या वाड्यावर वायर एकच. मोठ्या कंपनीचं फायबर मेन रोडपर्यंत येऊन थांबलंय, आत पंधरा घरांसाठी कोण केबल ओढतो, आणि मोबाइलची रेंज गच्चीवर. सिमचा नंबर पोर्ट होतो, वायर कशी पोर्ट करणार? जुलैत आंब्याची फांदी पडून केबल तुटली, चार दिवस नेट नाही, भांडल्यावर बिलातून दोन दिवसांचे पैसे कमी केले. चवथीला, म्हणजे गणपतीत, मुंबईचे पावणे आले, घरात दहा मोबाइल, माटोळीखाली (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची सजावट) बसून सगळे रील्स बघतायत, तेव्हा तर युट्यूबपण लोळलं.

आता मोठ्या टेलिकॉमवाल्यांचं नवीन चाललंय, व्हिडिओवाले आमचं नेटवर्क खातात तर त्यांनी नेटवर्कच्या खर्चात वाटा द्यावा म्हणे. अरे मग मी 826 कशाचे भरतो?

कोणाला तक्रार करायची असेल तर आधी कस्टमर केअरकडून डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंद नंबर) घ्या, नाही मिटलं तर 30 दिवसांत कंपनीच्याच अपील ऑथॉरिटीकडे जायचं, ट्राय एकेकट्याची तक्रार घेत नाही. मी अजून अपील केलेलं नाही, मालक डिसेंबरात लाइन वाढवतो म्हणालाय. तोपर्यंत लेक मोठ्या फाइली सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की पाठवते, तेव्हा साठपर्यंत मिळतात.