जामनगरच्या सागरी उद्यानाच्या नावाखाली आमचे ८८,५०० रुपये लुबाडले

प्रवाळांवरून चालत समुद्रजीव दाखवणाऱ्या ‘मार्गदर्शित पदभ्रमंती’च्या जाहिराती सध्या समाजमाध्यमांवर फिरताहेत. जामनगरचं सागरी राष्ट्रीय उद्यान, नराराचा प्रवाळ किनारा, पिरोटन बेट, चार दिवस, सोबत ‘सागरी जीवशास्त्रज्ञ’. त्यातल्या एकाला आम्ही ८८,५०० रुपये दिले आणि जामनगर स्टेशनवर आम्हाला घ्यायला कुणीही आलं नाही. माणसाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ते खोटंच असणार, आणि तो आत्तापर्यंत दुसऱ्या नावाने सुरू झाला असेल. पद्धत मात्र तीच राहील, म्हणून पद्धत सांगते.

हिशोब आधी मांडते, कारण घरचे सोडून सगळे विचारतात, “एवढे कसे काय दिलेत?” एकदम नाही दिले. माणशी १८,५०० रुपये, आम्ही सहा जण: आम्ही दोघं, धाकटे दीर आणि जाऊ, नणंद आणि त्यांचे यजमान. एकूण १,११,०००. त्यातले चाळीस टक्के आगाऊ, म्हणजे ४४,४००. बाकीचे ६६,६०० तिथे पोचल्यावर. यात काय वावगं आहे? आगाऊ रक्कम सगळेच घेतात. मग दहा-बारा दिवसांनी ‘परवाना आणि होडी’ म्हणून माणशी २,३५०, म्हणजे १४,१००. आणि निघायच्या आधीच्या आठवड्यात ‘प्रवाळ संरक्षण अनामत, परत मिळणारी’, माणशी ५,०००, म्हणजे ३०,०००. बेरीज ८८,५००. गाडीची तिकिटं वेगळी, ती आम्हीच काढली होती.

पैसे सगळ्यांचे माझ्या खात्यातून गेले, कारण ठरवलं मी होतं. नणंदबाईंनी पेन्शनमधून दिले होते. नंतर मी मुदत ठेव मोडून त्यांचे २९,५०० आणि दिरांचे २९,५०० परत केले. नणंदबाई नको म्हणत होत्या. घेतले शेवटी. पण ते पाकीट त्यांच्या हातात देताना मला जे झालं ते मी लिहू शकत नाही.

आता तो माणूस. मराठी बोलायचा, नाशिककडचा आहे म्हणायचा. ‘ताई’ म्हणायचा, कधीही घाई केली नाही. त्याने पाठवलेल्या पत्रकात माहिती खरी होती. हे उद्यान देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८० साली अभयारण्य आणि १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, कच्छच्या आखातात ४२ बेटं, ओहोटीला प्रवाळांवरून पायी चालता येतं, ऑक्टोबर ते मार्च हा चांगला काळ, जुने बूट घाला कारण ते भिजणार आहेत आणि प्रवाळ धारदार असतात. मी हे सगळं दुसरीकडे पडताळून पाहिलं होतं. पडताळलं नाही असं मला कुणी म्हणू नये. ठिकाण खरं, वर्षं खरी, प्राणी खरे. फक्त माणूस खोटा होता, आणि त्याने खऱ्याचीच झूल पांघरली होती. ठिकाणाची माहिती तपासली म्हणजे सहल चालवणारा तपासला असं होत नाही. हे आता कळतंय.

पण एक जागा होती. रात्री अजून झोप लागत नाही ती त्या एका ओळीमुळे.

तारखा २३ ते २६ जानेवारी, प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेली सुट्टी. पत्रकात लिहिलं होतं: पहिल्या दिवशी दुपारी खिजडिया पक्षी अभयारण्य, आणि पुढचे तिन्ही दिवस ‘सकाळी ९ ते १२ प्रवाळांवर पदभ्रमण’. तिन्ही दिवस ९ ते १२!

मी कोकणातली आहे. समुद्र शाळेच्या वेळापत्रकावर चालत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. रोज भरती-ओहोटी पाऊण-एक तासाने पुढे सरकते. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमी म्हणजे आठाचे पाऊणपट सहा, सहाच्या सुमाराला भरती, त्यानंतर सहा तासांनी बाराच्या सुमाराला ओहोटी. २५ जानेवारीला रथसप्तमी होती, हेही कॅलेंडरवर समोर होतं. म्हणजे तिन्ही दिवस षष्ठी, सप्तमी, अष्टमीचे. ऐन भांगाचे दिवस. उधाणाला, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी लांबवर आत जातं आणि खडक उघडे पडतात. भांगाला पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. प्रवाळ बघायला जाणारा कुठलाही जाणता माणूस पहिल्यांदा तिथी बघेल आणि मग तारीख ठरवेल. याने आधी सुट्टी बघितली, मग समुद्राला त्यात बसवलं. जो खरोखर लोकांना तिथे चालवत नेतो, त्याच्या हातून असं वेळापत्रक निघूच शकत नाही.

आणि हे मला दिसलं होतं! मी त्याला विचारलंही होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर तो निरोप अजून आहे: “रोज नऊ वाजताच ओहोटी कशी?” त्याचं उत्तर लगेच आलं: “ताई, आखातात आतलं पाणी वेगळं वागतं, मुंबईचा हिशोब तिथे चालत नाही. आमचे गाइड तिथलेच आहेत.”

हे उत्तर अर्धं खरं होतं आणि म्हणूनच मी गप्प बसले. कच्छच्या आखातात आत जावं तशी भरतीची उंची वाढते, वेळाही मुंबईपेक्षा मागे पडतात, हे खरंच आहे. मला वाटलं, याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण वेळ मुंबईपेक्षा कितीही वेगळी असली तरी ती रोज सरकणारच. ती तीन दिवस एका जागी थांबत नाही, आखातात नाही आणि महासागरातही नाही. त्या प्रश्नाच्या वेळी फक्त ४४,४०० गेले होते. मी तिथेच थांबले असते तर उरलेले ४४,१०० वाचले असते.

दुसरी गोष्ट, पावती. तिच्यावर जीएसटी क्रमांक छापलेला होता. सुरुवातीला २४, म्हणजे गुजरातचा, तेवढं बघून मी समाधान मानलं. परत आल्यावर अक्षरं मोजली. चौदा! जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो: दोन आकडे राज्याचे, मग दहा अक्षरांचा पॅन, मग उरलेली तीन. जीएसटीच्या संकेतस्थळावर कुणालाही कुठलाही क्रमांक टाकून धंद्याचं नाव बघता येतं, फुकट, अर्ध्या मिनिटात. पैसे भरण्याआधी बघा.

आणि यूपीआय. पैसे पाठवताना समोरच्या खात्याचं नाव पडद्यावर येतं. पहिल्यांदा कंपनीचं नाव न येता एका माणसाचं आलं. “ते आमचे हिशोब बघतात,” म्हणाला. तिसऱ्या वेळी तिसरंच नाव. खातं बदललं की तिथल्या तिथे थांबायचं, कारण ऐकून घ्यायचंच नाही. सरकारी परवान्याचे पैसे कुठलंही वनखातं खासगी माणसाच्या यूपीआयवर मागत नाही.

जामनगरला सौराष्ट्र मेलने उतरलो. फोन बंद. तासभर बाकावर बसलो, मग जाऊ हळूच म्हणाली, “वहिनी, चला आता लॉजवर.” संध्याकाळी तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. पोच क्रमांक मिळाला. दुसऱ्या दिवशी गाडी ठरवून नराराला गेलो, वाडीनारजवळ, साधारण ६० किलोमीटर. फाटकावर वनखात्याच्या माणसाला मी तो ‘परवाना’ दाखवला, राजमुद्रा छापलेला, सहाही नावं असलेला. त्याने तो मोबाइलवर बोटांनी मोठा करून पाहिला आणि परत दिला. असा कागद आम्ही काढत नाही, म्हणाला. मग वहीत आमची नावं लिहिली, ओळखपत्रं पाहिली, जे काही शुल्क होतं ते घेतलं, आणि पाणी उतरेपर्यंत थांबायला सांगितलं, कारण त्या दिवशी ओहोटी दुपारची होती. ते ऐकून दिरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

गाइड तिथलाच गावातला, अनवाणी. घोट्याएवढ्या पाण्यातून त्याने आम्हाला नेलं, पाय कुठे टेकायचा ते दाखवत. एका दगडाखालच्या कपारीत ऑक्टोपस होता, आमच्या डोळ्यांसमोर त्याने करड्याचा तांबूस रंग केला. भांगामुळे लांब जाता आलंच नाही. पौर्णिमेला या, असं त्यानेही सांगितलं. म्हणजे खरा माणूस एका वाक्यात जे सांगतो, ते त्या खोट्याच्या सहा पानी पत्रकात कुठेही नव्हतं. आणि पिरोटन? तिथे परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही. आमच्या नावाने तशी कुठलीच परवानगी कुणी मागितलेली नव्हती.

इथवरचा राग चोरावरचा. आता दुसरा राग.

परत आल्यावर आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेले. घटना जामनगरची, तिकडे द्या तक्रार. जामनगरच्या चौकीवर म्हणाले होते, पैसे तुमच्याकडून गेलेत, तिकडे द्या. मी म्हटलं, पैसे माझ्या खात्यातून, माझ्या घरात बसून गेलेत, घटना इथलीच आहे. तर मला बाकावर बसवून ठेवलं. मग एका साहेबांनी विचारलं, “पण बघून आलात ना सगळं शेवटी? मग?” माझ्याबरोबर आमचे हे होते. ते कधी कुणावर आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढला. शेवटी एक साधा अर्ज ठेवून घेतला आणि शिक्का मारून पोच दिली. गुन्हा दाखल नाही. फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा गुन्हा आहे, फसवून पैसे काढून घेतले तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि हा दखलपात्र गुन्हा आहे. हद्दीचं कारण तर आता चालतच नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्याने तक्रार घ्यायची आणि मग जिथली असेल तिथे पाठवायची. हे मला एका वकील मैत्रिणीने सांगितलं. ज्यांना हे शिकवून खुर्चीवर बसवलंय त्यांनी नाही सांगितलं. तुमच्यावर ही वेळ आली तर कलम लिहूनच अर्ज न्या, आणि नाही घेतला तर वरिष्ठांकडे लेखी पाठवा, टपालाने, पोच ठेवून. मी तेच केलंय. उत्तर अजून नाही.

बँक त्याच्यावर कडी. “पिन तुम्ही स्वतः टाकलात, हा अधिकृत व्यवहार आहे.” अहो, मी कुठे म्हणतेय की खातं हॅक झालं? मी म्हणतेय की ज्या खात्यात पैसे गेले ते कुणाचं ते पोलिसांना कळवा. त्यासाठी पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, बँकेकडून विवरण आणा. दोघांच्या मध्ये मी झेरॉक्सची पिशवी घेऊन. १९३० च्या तक्रारीमुळे समोरच्या एका खात्यात ६,२७० रुपये गोठवले गेले, तेवढंच काय ते झालं. तेही अजून हातात आलेले नाहीत. शेवटचा हप्ता देऊन दिवस उलटले होते, तोवर बाकीचे पुढे गेले. त्यामुळे १९३० ला पहिल्या तासातच फोन करा. शंका आली तरी करा. “उद्या फोन लागेल, बिचारा प्रवासात असेल” असा विचार करत बसू नका.

काही सुटलेलं. ‘परत मिळणारी अनामत’ हे शब्द निघायच्या तोंडावर आले की समजा, समोरचा शेवटचा घास घेतोय. पैसे परत देतो म्हणून तो पिन टाकायला सांगेल, टाकू नका. पैसे घेताना पिन लागत नाही. आणि त्याचा फोन नंबर नुसता ‘ब्लॉक’ करून संभाषण पुसून टाकू नका. माझ्या नणंदेने रागाने पुसलं, त्यात त्याचे दोन आवाजी निरोप गेले.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, २०१९ च्या कायद्याने, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पण त्याचा खरा पत्ताच हातात नाही, नोटीस कुणाला पाठवायची? म्हणून हे लिहितेय. जानेवारीच्या सुट्टीत जामनगरच्या याच सहलीसाठी आणखीही कुणी पैसे भरले असतील, आणि लाजेने गप्प बसले असतील. गप्प बसू नका. तुमच्या तक्रारीत त्याचा यूपीआय आयडी आणि पावतीवरचा तो चौदा अक्षरांचा क्रमांक नक्की लिहा. एकच आयडी चार ठाण्यांच्या चार अर्जांत आला, तर ‘हद्द आमची नाही’ म्हणणं कुणाला तरी जड जाईल.