मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’: 45वाला सेट घ्यावा की 33वाला?

अमेरिकन सोल गायक मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हा अल्बम रेकॉर्डवर घ्यायचाय, पण 45 आरपीएमचा (मिनिटाला 45 फेरे, आवाज जास्त स्वच्छ पण एका बाजूवर गाणी कमी मावतात) दोन डिस्कचा महागडा, आवाजाच्या शौकिनांसाठीचा सेट घ्यावा की 2022 ला अल्बमच्या पन्नाशीनिमित्त आलेली नेहमीच्या 33 फेऱ्यांची, म्हणजे 33वाली, ह्यात अडकला असाल तर ऐका, माझ्याकडे दोन्ही आहेत, आधी 45 घेतला आणि मग न राहवून दुसरी. मीटर लावून काही मोजलेलं नाही, कानाला वाटलं ते सांगतो.

आधी 45चं कौतुक, कारण ते खरंच आहे. बेस गिटार वाजवणाऱ्या जेम्स जेमरसनचा बेस माझ्या साध्या स्पीकरवरसुद्धा असा येतो की बोट तारेवरून सुटलेलं कळतं. आणि मार्विनचे दोन आवाज! किस्सा माहीत असेलच, त्याने लीड (मुख्य गायकी) दोनदा गायली होती, एक निवडायची म्हणून, आणि इंजिनिअरकडून चुकून दोन्ही एकदम वाजल्या, मार्विनला तेच आवडलं. 45वर ते दोघं वेगवेगळे उभे दिसतात, एक आपल्याशी बोलतोय, दुसरा स्वतःशीच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सुई उचलून परत सुरुवातीला ठेवली.

पण हा सुट्या गाण्यांचा अल्बम नाहीच ना. 1971च्या मूळ एलपीची पहिली बाजू म्हणजे सहा गाणी एकातून एक निघणारी. व्हिएतनामहून परतलेला माणूस (मार्विनचा धाकटा भाऊ फ्रँकी तिथे होता) काम मिळतंय का विचारतो, मग नशा, मग मुलांची काळजी, मग देव, आणि शेवटी ‘मर्सी मर्सी मी’, मध्ये कुठे श्वास घ्यायला जागा नाही. ही वीसेक मिनिटांची बाजू 45वर एका बाजूत बसवत नाहीत, त्यामुळे ती मध्येच तोडलीय. विलंबित नुकतं जमतंय आणि कोणीतरी चहाचा ट्रे घेऊन बैठकीत शिरावं, तसं होतं अगदी. अख्खा अल्बम 35-36 मिनिटांचा, त्यात मी तीनदा उठतो. एका रात्री दिवा घालवून ऐकत होतो, तिसऱ्यांदा धडपडत उठलो तर बायको म्हणाली, “गाणी ऐकतोयस की पोळ्या उलटतोयस?”

त्या दिवशी माझं ठरलं म्हणा ना.

33वाली मास्टरिंग इंजिनिअर केविन ग्रे यांनी मूळ ॲनालॉग टेप्सवरून कट केलीय, म्हणजे रेकॉर्डची खोबण कोरलीय. बेस थोडा गोल वाटतो, दोन आवाज जरा जवळ येतात, आणि ‘इनर सिटी ब्लूज’ बाजूच्या अगदी शेवटी असल्याने माझ्या कार्ट्रिजवर (सुई बसते तो भाग) गाण्यातला ‘स’ किंचित खरखरतो, चांगली सुई असेल तर तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. पण पहिली बाजू सलग वाजते, आणि ती सलग वाजली की बाकीचं मी तरी विसरतो. सोबतच्या दुसऱ्या डिस्कवर सिंगल्सचे मोनो (एकाच चॅनेलचे) मिक्स वगैरे आहेत, मी दोनदाच लावली असेल.

मला 45वाला जवळपास तिप्पट पडला, वर कस्टम्स वेगळं. तुमची सिस्टीम भारी असेल आणि उठबस करायचा कंटाळा नसेल तर घ्या की, पस्तावणार नाही बहुतेक. माझा 45वाला सध्या कोणी आलं की बेस ऐकवायला बाहेर निघतो, एक बाजू वाजवतो आणि परत आत ठेवतो.