कंपासपेट्या घ्याव्या की कागदाच्या रिमा?

जूनमध्ये शाळेचा निधी आला की खडू-डस्टर आणि झाडू वजा जाऊन गणिताच्या वाट्याला दोन-तीन हजार उरतात. यंदा बदलीनं आलेल्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सर, एवढ्यात तीस कंपासपेट्या घेऊ का कागदाच्या रिमा? दोन्ही काही बसत नाही." रिमा कशाला, तर कागदाच्या घड्या घालून भूमिती शिकवायला. आमचं गाव अंबाजोगाई तालुक्यात, सातवी ते दहावीचे वर्ग, वर पत्रे. असाच प्रश्न आणखी कुणापुढं असेल तर मी त्यांना जे सांगितलं ते इथं मांडतो.

आधी कंपासपेटी. स्वस्तातल्या पेटीतल्या कंपासचा स्क्रू दसऱ्यापर्यंत ढिला होतो. मग वर्तुळ निघतं एकीकडून आणि पोचतं भलतीकडं. कर्कटकाचा उपयोग बाकावर नाव कोरण्यापुरता. दिवाळीनंतर काही लेकरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, त्यांच्या पेट्याही कोपीवर, म्हणजे तिथल्या खोपटात जातात. परत येताना पेटीत खोडरबर आणि अर्धी पट्टी सापडली तरी खूप.

पण दहावीचं काय? गणित भाग 2 च्या 40 गुणांच्या पेपरात भौमितिक रचना आहेच, आणि तिथं कंसाच्या खुणा दिसाव्या लागतात. वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची, समरूप त्रिकोण काढायचा, हे कंपास हातात बसल्याशिवाय जमत नाही. घडी घातलेला चौकोन उत्तरपत्रिकेला टाचून कुणी गुण देणार नाही. शिवाय कागदाला वर्तुळ येत नाही. घडी सरळच पडते. फार तर कागदावर एक रेषा आणि तिच्याबाहेर एक बिंदू घेऊन तो बिंदू रेषेवर ठिकठिकाणी आणत पंचवीस-तीस घड्या घाला, त्या घड्यांच्या मधून अन्वस्ताची (पॅराबोलाची) कड उमटते. दिसायला सुंदर आहे, अकरावीच्या मुलांना जरूर दाखवा. दहावीला त्याचा उपयोग नाही.

आता कागद. लंबदुभाजक घ्या. कंपासनं रेषाखंडाच्या दोन्ही टोकांवरून वर-खाली कंस मारायचे आणि छेदबिंदू जोडायचे. लेकरं हे पाठ करतात. 'पण असंच का?' म्हटलं की वर्ग गप्प. कागदावर एक टोक दुसऱ्या टोकावर ठेवायचं आणि घडी दाबायची, झालं. घडीवरच्या कुठल्याही बिंदूपासून दोन्ही टोकं सारखीच लांब, कारण कागदाचा एक भाग दुसऱ्यावर तंतोतंत पडलाय. हे सांगावं लागत नाही, बोटाला कळतं. कोनदुभाजकाचंही तसंच, एक भुजा दुसरीवर टाकली की झाला.

एक तृतीयांशाला तर कागद फारच पुढं जातो. रेषाखंडाचे तीन सारखे भाग करायला कंपासवाल्याला एक तिरका किरण लागतो, त्यावर तीन सारखे कंस लागतात आणि मग समांतर रेषा. कागदाचा चौरस घ्या. वरच्या कडेचा मध्य चिमटा घेऊन खूण करा आणि उजवीकडचा खालचा कोपरा उचलून त्या खुणेवर ठेवा. उचललेली खालची कड डाव्या कडेला जिथं छेदते ती जागा डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून बरोबर दोन तृतीयांशावर येते. उजव्या-वरच्या कोपऱ्यात जो काटकोन त्रिकोण तयार होतो त्याच्या बाजू चौरसाच्या बाजूच्या 3/8, 4/8 आणि 5/8. म्हणजे आपला 3-4-5 चाच त्रिकोण, तोही एका घडीत. हे जपानच्या काझुओ हागा यांच्या नावानं ओळखलं जातं. पायथागोरस शिकवून झाल्यावर मी हेच करायला लावतो. त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी लेकरं उठत नाहीत.

आणि कोनाचे तीन सारखे भाग. फ्रेंच गणिती पिएर वांत्झेल यांनी 1837 मध्ये सिद्ध केलं की कंपास आणि खुणा नसलेली पट्टी घेऊन प्रत्येक कोनाचे तीन भाग करता येत नाहीत. म्हणजे कुणाला जमलं नाही एवढंच नाही, जमणारच नाही. कागदावर मात्र जमतं. जपानच्याच हिसाशी आबे यांची ही रीत लघुकोनाला चालते. चौरसाच्या डाव्या-खालच्या कोपऱ्याला 'प' म्हणा. खालची कड ही कोनाची एक भुजा, 'प' मधून वर जाणारी तिरकी घडी ही दुसरी. आता एक आडवी घडी घाला, आणि खालची कड त्या घडीवर आणून मधोमध दुसरी आडवी घडी घाला. वरची आडवी घडी डाव्या कडेला मिळते तो बिंदू 'क'. मग कागद असा दुमडायचा की 'प' मधल्या घडीवर यावा आणि त्याच वेळी 'क' तिरक्या भुजेवर यावा. थोडं सरकवावं लागतं, दोन-तीन प्रयत्नांत बसतं. 'प' जिथं टेकला तिथं खूण करा. डाव्या कडेवरचा मधल्या घडीचा बिंदू जिथं आला तिथंही करा. कागद उघडून या दोन खुणा 'प' शी जोडल्या की कोनाचे तीन भाग झाले.

का झाले, हे नववीतल्या पोरालाही दाखवता येतं. 'प' आणि 'क' च्या नव्या जागा जोडून आणि खालच्या कडेवर लंब टाकून तीन काटकोन त्रिकोण मिळतात. तिघांचीही एक बाजू दोन आडव्या घड्यांमधल्या अंतराएवढी. शेजारच्या दोघांची एक बाजू सामाईक. बाकोबा (बाजू-कोन-बाजू) आणि कर्णभुजा कसोटी लावली की तिन्ही एकरूप.

यातली खुबी 'त्याच वेळी' या शब्दात आहे. दोन बिंदू एकदम दोन रेषांवर आणायचे, ही चाल कंपासला नाही. कंपासची धाव वर्गसमीकरणापर्यंत, या घडीची घनसमीकरणापर्यंत. इटलीच्या मार्गेरिता बेलोक यांनी 1936 मध्ये घड्यांनी घनमूळ काढून दाखवलं होतं. आपल्याकडं त्याच्याही आधी, 1893 साली मद्रासला टी. सुंदर राव यांचं कागदाच्या घड्यांच्या भूमितीवरचं पुस्तक निघालं, आणि त्याची कल्पना बालवाडीतल्या घडीकामावरून सुचलेली. पुढं जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली. कागद म्हणजे लहान लेकरांचा खेळ, असं बैठकीत कुणी म्हणालं तर हे सांगायला हरकत नाही.

कागदाचे त्रासही सांगतो. एक घडी अर्धा मिलिमीटर चुकली की पाचव्या घडीपर्यंत चूक डोळ्यांना दिसते. वर्तमानपत्र लिबलिबीत, लग्नपत्रिका जाड. झेरॉक्सचाच कागद लागतो. पंखा लावला की चौरस उडतात, नाही लावला तर एप्रिलमध्ये हाताच्या घामानं घडी फुगते.

माझा सल्ला असा. सातवी-आठवीसाठी डोळे झाकून रीम घ्या. दहावीला कंपास हवाच, पण तीस स्वस्त पेट्या घेऊ नका. पक्क्या स्क्रूचे आठ-दहा सुटे कंपास घ्या आणि ते कपाटात ठेवा, घरी देऊ नका. नववीला दोन्ही, पण आधी घडी आणि मग कंस, उलटं नको. उलटं केलं की लेकरू घडीलाही पाठांतर समजतं.

मॅडमनी दोन रिमा आणि आठ कंपास आणले. 210 बाय 297 च्या कागदातून चौरस कापला की 87 मिलिमीटरची पट्टी उरते, ती टाकायला त्या तयार नव्हत्या. तिच्या दोन-दोन सेंटिमीटरच्या चिंधोट्या केल्या आणि एकीला साधी गाठ मारून हळू दाबून चपटी केली. नियमित पंचकोन. सातवीतली एक पोरगी तो उजेडाकडं धरून म्हणाली, "मॅडम, ह्याच्यात चांदणी बी हाय."