आरसी (रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या) ट्रकला 'स्टीलचे गिअर' बसवून घेताय? आधी चुंबक लावा

पुतण्याची न माझी मिळून एक आरसी ट्रक आहे, डब्ल्यूपीएल कंपनीचा सी-२४, खऱ्या गाडीच्या १/१६ आकाराचा. मूळची मोटर काढून जास्त ताकदीची, ३७० नंबरची टाकली तेव्हापासून ॲक्सलमधले प्लास्टिकचे गिअर टिकेनात, साताऱ्याजवळ यवतेश्वरला जांभ्या दगडावर चढवली की कट्कन दात जायचे. मग साताऱ्यातच मॉडिफिकेशन करून देणारा एक जण ओळखीतनं मिळाला, पोवई नाक्यावर भेटला, म्हणाला गाडी ठेवून जा, दोन्ही ॲक्सल आणि गिअरबॉक्सला हार्डन स्टीलचा सेट बसवून देतो, २८०० होतील. यूपीआयनं लगेच दिले, बिल मागितलं नाही.

चार दिवसांनी गाडी आली, गिअर काळेभोर, ग्रीस भरलेलं, दिसायला एक नंबर. दुसऱ्याच रविवारी मागचा पिनियन (बारका गिअर) गेला. घरी येऊन उघडलं, चुंबक लावलं तर चिकटेचना. कानस फिरवली तर काळा रंग निघून आत पांढरट मऊ धातू, सहज घासला जातोय. हार्डन स्टीलवर कानस नुसती घसरते हो! हे सरळसरळ झिंक अलॉय, वरनं काळा लेप. झिंकचे गिअर वाईटच असतात असं नाही, बारक्या मोटरला चालतात, पण मग झिंक म्हणून विका ना, आणि तेवढेच पैसे घ्या.

त्याहून जास्त लागलं ते पुढं. ॲक्सलला मी स्वतः बेअरिंग बसवलेली, एकेक करून, ती सगळी गायब आणि त्या जागी साधे बुश, म्हणजे आत गोळ्या नसलेल्या नुसत्या कड्या. फोन केला तर म्हणे तुम्ही ३एस (तीन सेलची, जास्त व्होल्टची) बॅटरी लावली असणार. आमच्याकडं दोन सेलची २एसच आहे, ७.४ व्होल्ट, ३एस कधी घेतलीच नाही. जुने पार्ट तरी द्या म्हटलं, तर 'ते फेकले', आणि दुसऱ्या दिवसापासून नंबर ब्लॉक.

तर कुणाकडं ड्राइव्हट्रेन (गिअर, ॲक्सल वगैरे) बदलायला देत असाल तर आधी ॲक्सल उघडून फोटो काढा, बेअरिंग मोजून त्याच्यासमोर लिहून ठेवा, काढलेला प्रत्येक पार्ट परत घ्या, आणि गिअर बसवायच्या आधी सुटे हातात घेऊन चुंबक लावा. पैसे गाडी चालवून बघितल्यावरच.

आता जुनी मोटर न प्लास्टिकचे गिअर परत टाकलेत. तुटलेला पिनियन डबीत ठेवलाय, कुणाला प्रत्यक्ष बघायचा असेल तर रविवारी सकाळी आम्ही यवतेश्वरलाच असतो, चुंबक न कानस घेऊन येतो, तुमचे गिअर पण तपासून देतो.