टॅलीचा बॅकअप: पोर्टेबल डिस्क की नॅस?

चार-पाच संगणकांचं कर सल्लागाराचं ऑफिस असेल, तर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या डेटाचा बॅकअप ठेवायला साधी पोर्टेबल हार्ड डिस्क पुरेल की नॅस (ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेला, सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा डबा) घ्यावा?

डिस्क स्वस्त, यूएसबीवरच चालते, काम झालं की कपाटात. पण ती रोज कुणीतरी आठवणीने जोडायला हवी, आणि जुलैत रिटर्नची घाई सुरू झाली की नेमकं तेच राहून जातं. तबकडी फिरत असताना टेबलावरून पडली, तर डेटा परत मिळवणं फार महागात जातं.

नॅस नेटवर्कवर असतो, रात्री सगळ्या संगणकांचा बॅकअप आपोआप घेतो. रेड १ मध्ये (दोन्ही डिस्कवर एकच डेटा ठेवायची पद्धत) ४ टीबीच्या दोन डिस्क लावल्या तर जागा ४ टीबीच मिळते, पण एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. मात्र रेडलाच बॅकअप समजू नका: फाइल चुकून डिलीट केली तर ती दोन्ही डिस्कवरून जाते. रॅन्समवेअरही (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) नेटवर्कवरून नॅसपर्यंत पोचू शकतं. कपाटातल्या डिस्कला ते हात लावू शकत नाही. वीज वारंवार जात असेल तर यूपीएसचा खर्चही धरा.

एकट्याने काम करत असाल तर माझं मत दोन पोर्टेबल डिस्कच्या बाजूने: एक घरी, एक ऑफिसात, दर शुक्रवारी अदलाबदल. तीन-चार माणसं असतील तर नॅस घ्याच, आणि त्याची प्रत उतरवायला एक डिस्कही.