कोलोनमध्ये अर्धा दिवस: डोम की सांक्ट गेरेऑन?

जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठच्या कोलोनात अर्धाच दिवस हाती असेल, तर डोम (म्हणजे तिथलं मोठं कॅथेड्रल) बघावा की सांक्ट गेरेऑन हे जुनं चर्च, असं एका मैत्रिणीने विचारलं.

पोहोचायला डोम सोपा, स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच. गेरेऑनला थोडी पायपीट.

वास्तूचं म्हणाल तर डोम गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी आणि उंच मनोऱ्यांच्या शैलीतला. काम १२४८ला सुरू झालं, मध्ये काही शतकं रखडलं आणि १८८०मध्ये संपलं. मनोरे १५७ मीटर. दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या गुडघ्यांची परीक्षा घेतात, शिवाय तिकीट वेगळं. आत बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांची सोन्याने मढवलेली पेटी आणि चित्रकार गेरहार्ड रिश्टरची २००७ची रंगीत चौकोनांची खिडकी. गर्दी मात्र पंढरीच्या वारीसारखी.

गेरेऑन रोमनेस्क, म्हणजे गॉथिकच्या आधीच्या, जाड भिंती आणि गोल कमानींच्या शैलीतलं, आणि खरी गंमत इथेच आहे. चौथ्या शतकातल्या रोमन लंबगोल इमारतीभोवती १२२७पर्यंत दहा बाजूंचा घुमट उभारला. खालच्या कोनाड्यांत रोमन भिंत अजून दिसते. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी बरीच पडझड झाली, दुरुस्ती पुढे कित्येक वर्षं चालली. शांतता भरपूर.

पहिल्यांदाच जाताय, सोबत मुलं आहेत, तर डोम. स्थापत्यात रस असेल किंवा निवांत बसायचं असेल, तर गेरेऑन. माझं मत गेरेऑनलाच. डोम काय, गाडी पकडतानाही दिसतोच.